फोटोच्या मागची रेघ

सरोजिनी नगर स्टेशनच्या बाकावर दर रविवारी एक वृद्ध गृहस्थ दिल्लीच्या रिंग रेल्वेचे जुने फोटो मांडून बसतात. लोकही घरचे फोटो आणतात. हे गृहस्थ ते मोबाइलमध्ये उतरवून घेतात आणि फोटोच्या मागे माणसांची नावं लिहितात. शाई पुढे उमटते म्हणून पेन्सिलीने.

मी बाबांचा फोटो नेला. कामाला निघालेले, हातात डबा, मागे रिंग रेल्वेची गाडी. त्यांनी बाबांचं नाव लिहिलं आणि मागच्या झेंडीवाल्या गार्डवर बोट ठेवलं. "और ये?"

"पता नहीं. होगा कोई."

"इंजन का नंबर सब बता देते हैं, मॅडम. आदमी का नाम कोई नहीं बताता."

मला रागच आला. इतक्या वर्षांपूर्वीच्या गार्डचं नाव मी कुठून आणू? त्यांनी शांतपणे बाबांच्या नावाखाली एक रिकामी रेघ ओढून फोटो परत दिला. "पूछकर आइए. मैं यहीं हूँ."

आईलाही नाव आठवेना. "पण तुझे बाबा स्टेशनच्या जिन्यावर धावताना दिसले, की तो गाडी न सोडता झेंडी खाली धरून थांबायचा," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी मी तेवढं सांगितलं. त्यांनी ते रेघेखाली लिहिलं, मग रिकाम्या रेघेवर पेन्सिल टेकवली. "और नाम?"

आज मी फरीदाबादला निघाले आहे. तेव्हा बाबांबरोबर रोज त्या गाडीने जायचे, ते त्यांचे एक मित्र तिथे राहतात.