नवरदेव घेऊन भिलाईला

फोन शेजारच्या काकूंकडे आला. त्यांनी गच्चीवरून हाक मारली, मी भिजवलेली कणीक तशीच सोडून धावले. पलीकडे मावशी होती, भिलाईहून.

"मीने, अक्तीले ये," ती म्हणाली. "अन् रिकाम्या हातानं येऊ नको. नवरदेव घेऊन ये."

"कोणासाठी?"

"सुषीच्या बाहुलीसाठी. यंदा तिले उजवून टाकू."

तिकडे तिच्या एसटीडीचे आकडे पळत होते म्हणून मी "हाव, येतो" म्हणून टाकलं आणि परत येऊन कणकेकडे बघत बसले. बाहुल्या जमवणारी आणि त्यांची परीक्षणं लिहिणारी बाई म्हणून तुम्ही मला इथे ओळखता. बाहुलीसाठी मी सगळ्यात लांब कुठे गेले, असं बरेच जण विचारता. अंतरानं म्हणाल तर भिलाई नागपूरहून फार लांब नाही. पण त्या प्रवासाबद्दल लिहायला मला इतकी वर्षं लागली. तेव्हा भिलाई मध्य प्रदेशात होती आणि आपल्याकडे बनणाऱ्या फॅशन डॉल दुकानांत येऊन थोडीच वर्षं झाली होती.

सुषी, म्हणजे सुषमा, ही माझी मावसबहीण. आम्हा दोघींना बाहुल्यांचं वेड एकदमच लागलं, तेही चांगल्या कॉलेजात जाणाऱ्या घोड्या झाल्यावर. लोक हसायचे. आम्ही सुट्टीत भेटलो की नवी बाहुली मधे ठेवून तिची झडती घ्यायचो. केस मुळापासून ओवलेत की वरून चिकटवलेत, गुडघा वाकवताना किती वेळा कट् वाजतं, ओठांचा रंग रेषेबाहेर गेलाय का. सुषीचा निकाल कडक असायचा: "चेहरा सात, केस पाच, चपला आठवडाभरात हरवनार." भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. मी डबा उघडत नसे, ती घरी पोचेपर्यंतही थांबत नसे. "डब्यात ठेवायची तं बाहुली कावून घेतली, साबण घ्यायचा होता," म्हणायची. त्या फोनच्या आदल्या उन्हाळ्यात, लग्न ठरलेलं असताना, काविळीनं ती गेली. मावशी तेव्हा रडली नाही. त्यानंतरही तिला कोणी रडताना पाहिलं नव्हतं.

तर नवरदेव. माझ्याकडे एकच होता, डबाबंद. परीक्षण सांगते: हसू बिनकामाचं, केस प्लास्टिकचेच कोरलेले, अंगावर समुद्रावर घालायची फुलाफुलांची चड्डी. दहापैकी तीन. पण लग्नाच्या बाजारात पोरगा म्हटलं की तीनवाल्यालाही भाव असतो. त्याला पिशवीत घातलं आणि सकाळची गाडी पकडली.

नागपूर ते दुर्ग हा प्रवास वैशाखात कोणी हौसेनं करू नये. करायचाच तर सकाळची गाडी घ्या आणि थंड पाण्याची सुरई सोबत ठेवा. गोंदियापर्यंत डब्यात आपली भाषा ऐकू येते, मग हळूहळू हिंदी वाढते, आणि डोंगरगडला टेकडीवरचं देऊळ दिसलं की छत्तीसगढी सुरू होते. तिथल्या फलाटावर बायका पानाच्या द्रोणात तेंदूची फळं विकत होत्या. चिकूच्या जवळपासची चव, बिया फार. मी दोन द्रोण घेतले, एक सुषीसाठी. तिला फार आवडायची. घेऊन झाल्यावर लक्षात आलं. दुसरा द्रोण समोरच्या बाईच्या लेकराला दिला.

दुर्गला उतरून टेम्पोनं सेक्टर दोन. भाड्याची घासाघीस करा, पण उन्हात उभं राहून फार करू नका. रस्ते सरळ, झाडं दुतर्फा, सगळे क्वार्टर एकसारखे. मावशीचा ओळखायची खूण म्हणजे दारातला मोगरा. मावशी फाटकातच उभी होती. तिनं आधी माझ्या पिशवीत हात घातला.

"बाप्पा! नवरदेव चड्डीवर आला की वं!" ती खो खो हसली. "आंघोळीतून उचलून आनला का?"

मावसाजी व्हरांड्यात पेपर वाचत होते. प्लांटमध्ये ते फोरमन. माणूस मोजकंच बोलणारा, पण मला बघून नेहमी "आली का नागपूरची एक्सप्रेस" तरी म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी पेपर खाली केला, मी आले एवढं बघितलं आणि परत वर धरला.

आत कूलरसमोर मावशीनं मला बोरे-बासी वाढलं. रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, सोबत कांदा आणि आंब्याची चटणी. उन्हाळ्यात तिकडे गेलात तर कुठल्याही हॉटेलपेक्षा हे मागून खा. भिलाईत राहून मावशी अर्धी छत्तीसगढी झाली होती, जेवणात आणि सणावारातही. जेवण झाल्यावर तिनं सुषीच्या खोलीतून वधू आणली.

ती आमच्या दोघींच्या निकालात सर्वांत वर आलेली बाहुली होती. सुषीच्या शालूवरच्या ब्लाउजचं डाळिंबी कापड उरलं होतं, त्याची साडी तिनं या बाहुलीसाठी केली होती. पदराची एक बाजू नुसते कच्चे टाके घालून राहिलेली. आणि मी काय केलं असेल? सवयीनं बाहुली उलटी केली, केस वर करून मानेमागचा कंपनीचा शिक्का पाहिला, गुडघा वाकवला. कट्, कट्, कट्. मग भानावर आले आणि मान वर केली.

"तपास, तपास," मावशी म्हणाली. "वरपक्षाचे लोक तपासतेतच. मायी सुषी पाहाले आले तवा त्याईनं तिले चालूनबी दाखवाले लावलं होतं."

मी बाहुली दोन्ही हातांनी परत दिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुर्गच्या बाजारात गेलो. अक्ती म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, आणि तिकडे त्या दिवशी गल्लीगल्लीत पोरी पुतरा-पुतरीचं, म्हणजे मातीच्या नवरानवरीचं लग्न लावतात. खराखुरा मांडव, हळद, वरात, सगळं. जुन्या बाजारात रस्त्याच्या कडेला रंगवलेल्या जोड्या मांडून बसलेल्या कुंभारणी दिसतात. त्या तारखेच्या आदल्या दिवशी तुम्ही तिथे असाल तर कॅमेरा विसरू नका. आम्हाला जोडी नको होती, फक्त कागदी मुंडावळ्या हव्या होत्या, तिकडे मौर म्हणतात. मावशीनं बाहुली बाहेर काढून माप दाखवलं. कुंभारणीनं बाहुलीकडे आणि मावशीकडे आळीपाळीनं बघितलं.

"ये तो मेम पुतरी आय," ती म्हणाली. "एखर मूड़ तो अड़बड़ नान्हे हे." हिचं डोकं तर भलतंच लहान आहे, असं. मग तिनं आपल्याच पुतरीचा मौर काढला, दातानं कागद तोडून तो लहान केला आणि बाहुलीच्या कपाळाला लावून बघितला. "काखर बिहाव आय?" लग्न कोणाचं, असं तिनं विचारलं.

"मेरी बेटी का," मावशी म्हणाली.

संध्याकाळी मावशी नवरदेवाचं धोतर शिवत होती. मावसाजी दारात येऊन उभे राहिले.

"उद्या सकाळी पोरीच्या नावानं घागर भरायची," ते म्हणाले. "पहिली अक्ती आहे तिची. अन् सांजच्याले तू लगीन लावतो म्हनतं. एकाच दिवशी पानीबी द्याचं अन् लगीनबी?"

"मंग कोन्या दिवशी लावू, तुमीच सांगा," मावशी सुई न थांबवता म्हणाली. "घरात बसून आहे ते पोरगी. मले दिसते. तिले एकदा घरून निघू द्या."

"मायी पोरगी निघून गेली. हे प्लास्टिक आहे."

"असू द्या."

"मले त्यात ओढू नको. अन् मीने, तू शिकलेली पोरगी, तूबी?"

खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटत होतं, आणि त्यामुळेच जास्त त्रास होत होता. मी आत जाऊन उशीत तोंड घालून रडले.

अक्तीच्या सकाळी मावसाजींनी नवीन मातीची घागर भरली. वर आंबा ठेवला, वाळा घातला, तर्पणाचं पाणी सोडताना नाव घ्यायची वेळ आली तेव्हा "सुषमा" एवढंच म्हणाले. पुरणाची पोळी त्यांनी अर्धी खाल्ली. दुपारची शिफ्ट त्यांनी मुद्दाम मागून घेतली होती. स्कूटर काढली, गेले.

पाच वाजता गल्लीतल्या पोरी आल्या. कोणी मराठी, कोणी छत्तीसगढी, एक तेलुगू, एक बंगाली. भिलाईची गल्ली अशीच असते. दोन पोरींनी तुपाचे डबे वाजवत माझी वरात कोपऱ्यापासून फाटकापर्यंत आणली. "बराती मन आगे!" वऱ्हाड आलं, असा ओरडा झाला. मला सगळ्या समधिन, म्हणजे विहीणबाई, म्हणायला लागल्या, माझ्या नवरदेवाला नावं ठेवायला लागल्या. एकीनं त्याचे केस ओढून पाहिले आणि जाहीर केलं, "दूल्हा टकला है." मावशी पोट धरून हसत होती. मीही हसले. हळद लागली, अंतरपाट म्हणून रुमाल धरला, मावशीनं स्वतः मंगलाष्टक म्हटलं. मग टिकावन, म्हणजे आहेर. एकेक पोरगी यायची, जोडीच्या कपाळाला पिवळे तांदूळ लावायची आणि काहीतरी ठेवायची. बटण, बांगडीचा तुकडा, गोळी, दहा पैसे. मावशीनं आपल्या कानातलं छोटं फूल काढून ठेवलं.

त्या खेळात शेवटी बिदाईला रडायचं असतं. वधूकडच्या सगळ्यांनी मोठमोठ्यानं, गळ्यात गळे घालून. पोरींना तोच भाग सर्वांत आवडतो. मी बाहुलीला उचललं आणि फाटकाकडे निघाले, मागे खोट्या रडण्याचा कल्लोळ सुरू झाला. "अवं माय, आता मी कोणाले हाक मारू वं," असं त्यात एक आवाज म्हणत होता. मी वळून पाहिलं. मावशी पायरीवर खाली बसली होती. दोन्ही हात कपाळावर, तोंड उघडं, एक वर्षाचं रडणं एकदम येत होतं. पोरी तिच्याभोवती बसून हसत हसत रडत होत्या. त्यांना वाटलं, मावशीही खेळतेय. मी बाहुली छातीशी धरून फाटकात उभी राहिले, कारण वधू घेऊन परत फिरायचं नसतं एवढंच मला त्या क्षणी आठवलं.

थोड्या वेळानं एक पोरगी डोळे पुसत उठली. "मौसी सबसे अच्छा रोई," ती म्हणाली.

"हाव," मावशी म्हणाली. "मले येते." मग तिनं सगळ्यांना आमरस दिला.

सकाळी मावसाजींनी मला स्कूटरवरून दुर्ग स्टेशनला सोडलं. जोडीची पिशवी माझ्या मांडीवर होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. फलाटावर चहा घेऊन दिला, डब्यात जागा पकडून दिली, आणि गाडी हलेपर्यंत खिडकीच्या गजाला हात लावून उभे राहिले. "पोचली की फोन करजो," म्हणाले, पण कोणाच्या फोनवर ते सांगितलं नाही. मला ते माझ्यावर रागावलेले वाटले.

घरी येऊन मी त्या बाहुलीचं परीक्षण लिहायला बसले, जमलं नाही. चेहरा किती, केस किती, असं मांडायला गेले की पदराचे कच्चे टाके दिसायचे. ते मी पक्के केले नाहीत. तिला डब्यातही ठेवलं नाही. कपाटात पुढच्या बाजूला उभी केली, नवऱ्याशेजारी. तेव्हापासून माझ्याकडच्या सगळ्या बाहुल्या डब्याबाहेर आहेत. माझ्या संग्रहाची किंमत त्यामुळे पार उतरली, हे जाणकार तुम्हाला सांगतीलच. मला तेव्हा वाटत होतं की मी मावशीचं ओझं उचललं आणि मावसाजींना कायमची दुखावून आले.

पावसाळा सरत आला. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, गल्लीत पोरं लाकडी बैल घेऊन फिरत असताना, दारात मावसाजी उभे. हातात कापडी पिशवी, खिशात तिकीट, अंगावर इस्त्रीचा सदरा. येणार म्हणून आम्हाला कळवलं नव्हतं. मी पाणी दिलं, ते न पिता त्यांनी पेला खाली ठेवला.

छत्तीसगढात पोळा झाला की तीजा येतो, आपली हरतालिका. त्यासाठी लग्न झालेल्या मुलीला माहेरी नेतात, आणि न्यायला बापानं किंवा भावानं जायचं असतं. तोपर्यंत पोरगी वाटेकडे डोळे लावून बसते, असं तिकडे म्हणतात. हे मला माहीत होतं. तरी मावसाजी कशासाठी आलेत ते मला लगेच कळलं नाही.

"तुयी मावशी म्हनते, पहिला तीजा आहे," ते म्हणाले. "न्यायले आलो."

मी कपाटातून दोघांना आणलं. त्यांनी पहिल्यांदा बाहुलीकडे पाहिलं, नीट, बराच वेळ. मग पिशवीतून धुतलेला मऊ दुपट्टा काढून मांडीवर पसरला. मी नवरदेवालाही त्यावर ठेवायला गेले, तर त्यांनी माझा हात हलकेच बाजूला केला.

"तीजाले जावयाले कोनी नेते का वं?" ते म्हणाले. "मायी पोरगी तेवढी दे."