होल्डसाहेबांची पिवळी चिठ्ठी

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास प्राचीने आपल्या वडिलांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाला लाल चिठ्ठी बांधली आणि आली त्याच गाडीने ती पुण्याला परत गेली. तिला सातवा महिना होता. बाळंतपणासाठी ती माहेरी राहायला आली होती. घरात ती एकूण पंचवीस मिनिटं होती. चिठ्ठीवर ‘रिजेक्टेड’ असं छापलेलं होतं. खाली कारणाच्या रकान्यात तिने पेनाने एकच शब्द लिहिला होता : आंबा.

प्राचीचे वडील म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधले होल्डसाहेब. नाशिकमध्ये अंबडच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं मालाची तपासणी केली. तिथे प्रत्येक खोक्याला चिठ्ठी बांधायची पद्धत होती. हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे नापास, आणि पिवळी म्हणजे होल्ड, निर्णय बाकी. साहेबांचा हात कायम पिवळीकडे जायचा. कामगारांनी दिलेलं हे नाव त्यांच्याबरोबर पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या इमारतीपर्यंत आलं आणि सोसायटीच्या पाटीवर तेवढं लागायचं राहिलं. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. चिठ्ठ्यांची तीन पाकिटं त्यांनी मागून घेतली, प्रत्येकी पन्नासची. घड्याळाला घरी येताच पिवळी चिठ्ठी लागली.

तशी ती बऱ्याच गोष्टींना लागली. मिक्सरला चार वर्षं होती. सोसायटीच्या नव्या लिफ्टला त्यांनी ती बांधली तेव्हा अकरा दिवस तिसऱ्या मजल्यावरचे लोक जिन्याने चढले. लिफ्टमध्ये दोष नव्हता. “दोष आहे असं मी कुठं म्हटलं? दोष नाही असंही म्हटलेलं नाही,” हे त्यांचं म्हणणं. प्राचीला पाहायला मंडळी आली तेव्हा मुलाच्या वडिलांना ते म्हणाले, “मुलगा चांगला वाटतो. पण मी त्याला सध्या होल्डवर ठेवलाय.” लग्न झालं. जावई अजून होल्डवरच होते. हिरव्या चिठ्ठ्यांचं पाकीट मात्र मी कधी फोडलेलं पाहिलं नाही.

चिठ्ठीबद्दल त्यांचा एकच नियम होता. ज्याने बांधली, त्यानेच सोडायची. ते एकदा मेहुणीच्या लग्नाला देवळ्याला गेले असताना कारखान्याच्या फाटकात त्यांची चिठ्ठी लागलेला माल दोन दिवस ट्रकमध्ये उभा राहिला. मोठ्या साहेबांनी फोनवर विनवण्या केल्या. हे पंगतीतून उठले नाहीत. “मी नजरेने पाहिल्याशिवाय दोरा सुटणार नाही,” असं ते म्हणाले आणि त्यांनी मठ्ठा मागितला. ही हकिगत ते अभिमानाने सांगत. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, ती ऐकताना उठून आत जात.

साहेब रोज सात सिगारेटी ओढायचे. आठवी नाही, सहावी नाही. प्राचीने नोव्हेंबरात फोनवर आपली अट सांगितली. ती बाळंतपणाला नाशिकला येईल, पण घरात धूर नसेल तर. धूर असेल तर बाळंतपण पुण्यात, सासरी. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं म्हणून वहिनींनी तोवर डिंक आणला होता, अळीव आणले होते आणि मऊ झालेल्या सुती साड्यांची नऊ दुपटी शिवून ठेवली होती. त्यांनी फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, “ऐकलंत ना? आता हे होल्डवर टाकू नका.”

त्याच आठवड्यात दुबईहून साहेबांचा भाचा आला आणि “मामा, याने सिगारेट सुटते,” असं सांगून एक यंत्र देऊन गेला. पेनापेक्षा जाड, पिवळ्या रंगाचं, तोंडात धरून ओढलं की आंब्याच्या वासाची वाफ येणारं. या वस्तूची आयात, विक्री आणि साठा यांवर देशात बंदी आहे. ती बातमी आमच्या अंकात मीच लावली होती. तसं मी त्यांना सांगितलं.

“बंदी हा कायद्याचा प्रश्न झाला, पत्रकार,” ते म्हणाले. “माझा प्रश्न गुणवत्तेचा आहे. प्रौढ माणसाच्या रोजच्या वापराला हे चालेल का, एवढंच पाहायचंय.”

“आणि सिगारेट?”

“ती तपासणीनंतर सोडायची की आधी, हे तपासणीत ठरेल.”

तपासणी सुरू झाली. यंत्राला पिवळी चिठ्ठी लागली. खोक्यावर दोन शब्द छापलेले होते, त्यांवर साहेब आठवडाभर अडले. एक शब्द सांगत होता की हे वापरून फेकून द्यायचं आहे. दुसरा सांगत होता की हे पुन्हा चार्ज करता येतं. “फेकायचं तर चार्ज कशाला? चार्ज करायचं तर फेकायचं कशाला?” असं ते जिन्यात भेटेल त्याला विचारत. मग त्यांनीच शोधून काढलं की बॅटरी भरता येते, आतला रस भरता येत नाही. “म्हणजे बॅटरी फुल आणि आत काही नाही,” ते मला म्हणाले. “निवृत्त माणसासारखं.” स्वतःवर केलेला त्यांचा हा एकच विनोद माझ्याकडे नोंदलेला आहे.

खोक्यावर पंधरा हजार झुरके मिळतील असा दावा होता. दावा तपासायचा तर पंधरा हजार झुरके ओढणं भाग होतं. कारखान्यातून आणलेलं हातात धरायचं मोजणीयंत्र त्यांनी काढलं. अंगठ्याने दाबलं की एक आकडा पुढे जातो. एक झुरका, एक टक्. सकाळी गॅलरीतून आधी टक् ऐकू यायचं, मग आंब्याचा वास. सिगारेटचे सात नग चालूच राहिले. तुलनेचा नमुना बदलला तर तपासणीला अर्थ राहत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सिगारेट सोडण्यासाठी आणलेल्या वस्तूची योग्य तपासणी व्हावी म्हणून सिगारेट चालू ठेवणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

त्यांनी तपासलेल्या गोष्टी अशा : टोपणाच्या बाजूवर पडल्यास तडा जातो का, नाही. चार्ज होताना गरम होतं का, थोडं. वास पडद्यात किती वेळ राहतो, चाळीस मिनिटं. दिवा किती वेळा लुकलुकतो, तीन. आत निकोटीन किती जातं, हे मी विचारलं.

“ते मोजायला माझ्याकडे साधन नाही. जे मोजता येत नाही ते तपासणीत धरत नाहीत.”

“बाळाच्या छातीत काय जाईल?”

“तेही त्यातच आलं,” ते म्हणाले आणि त्यांनी अंगठा दाबला. टक्.

चार्ज करण्यासाठी त्यांनी देवघराजवळचा प्लग निवडला, कारण दुसऱ्या प्लगांत व्होल्टेज स्थिर नव्हतं. विजेच्या समईची पिन काढून तिथे हे यंत्र लागायचं. वहिनी एकदा दारात येऊन म्हणाल्या, “भावोजी, बघा. आमच्या देवांना थंडीत आंब्याचा नैवेद्य चाललाय.” आतून आवाज आला, “नैवेद्य नाही. नमुना आहे तो.”

जानेवारीतल्या त्या रविवारी प्राची आली तेव्हा मोजणीयंत्रावर सहा हजार दोनशे अकरा हा आकडा होता. मी तिची एक बॅग वर आणून दिली होती, म्हणून पुढचं मी पाहिलं आहे. साहेबांनी सिगारेटची पाकिटं पहाटेच खाली मोटारसायकलच्या डिकीत हलवली होती. फरशी पुसलेली होती, पडदे धुतलेले होते. प्राची दोन पावलं आत आली आणि थांबली.

“आई, आंबा आणलास?”

“जानेवारीत कुठला आंबा, बाई,” वहिनी म्हणाल्या आणि जमिनीकडे बघत राहिल्या.

प्राची वासाच्या मागाने देवघरापर्यंत गेली. समईच्या जागी यंत्र लुकलुकत होतं. तिने चिठ्ठी वाचली. मग यंत्र हातात धरून ती वडिलांसमोर उभी राहिली.

“बाबा, सोडलंत की धरलंत?”

“तपासणी चालू आहे. साधारण नऊ हजार झुरके राहिलेत. त्याआधी मत देणं बरोबर नाही.”

“आणि सिगारेट?”

“तुलनेसाठी.”

 कपाटात चिठ्ठ्यांचा डबा कुठे असतो ते तिला माहीत होतं. लाल चिठ्ठी काढून तिने लिहिली, वडिलांच्या बटणाला दुहेरी गाठ मारून बांधली आणि खाली उतरली. मी बॅग परत खाली नेली. वहिनींनी डिंकाची पिशवी गाडीत ठेवायचा प्रयत्न केला. प्राची म्हणाली, “आई, तू ती घेऊन पुण्याला ये.”

साहेबांनी शर्ट काढून पॅसेजमधल्या खुंटीला अडकवला. चिठ्ठी सोडली नाही. वहिनी म्हणायच्या, “धुवायला तरी टाका.” ते म्हणायचे, “चिठ्ठीसकट धुता येत नाही, आणि चिठ्ठी मी बांधलेली नाही.” त्या संध्याकाळी त्यांनी दोन सिगारेटी ओढल्या. दुसऱ्या दिवशी सात. यंत्राची तपासणीही चालू राहिली. आपल्या हातून काही चुकलं असं त्यांनी म्हटल्याचं मला आठवत नाही.

मार्चच्या मध्यावर वहिनी नऊ दुपटी घेऊन पुण्याला गेल्या. मुलगी माहेरी यायच्या ऐवजी आई मुलीच्या सासरी निघाली, हे जिन्यातल्या सगळ्यांनी पाहिलं. काहींनी विचारलंही. वहिनींनी “तिकडे दवाखाना जवळ आहे,” असं सांगितलं. रिक्षा वळल्यावर साहेब माझ्या दारात आले. मोजणीयंत्र त्यांनी शून्यावर आणलं होतं.

“हे तुमच्याकडे ठेवा, पत्रकार. बिनधुराच्या दिवसाला एक, असं रोज सकाळी दाबायचं. ज्या दिवशी दाबू नये, त्या दिवशी मी येऊन सांगेन.”

“यंत्राची तपासणी?”

“होल्ड.”

महिनाअखेरीस मुलगी झाली. बारशाला साहेब पुण्याला निघाले तेव्हा आकडा सव्वीस होता. मीही बरोबर होतो. त्यांच्या एका हातात आंब्याची पेटी होती, दुसऱ्या हातात कापडी पिशवीत तो शर्ट. प्राचीने दार उघडलं आणि तिच्या नाकपुड्या हलल्या.

“आंबा?”

“खरा आहे,” साहेब म्हणाले. “पेटी उघडून बघ. वरचा थर बघू नकोस, खालचा बघ.”

तिने खालचा थर पाहिला. मग त्यांची बोटं हुंगली, मिशी हुंगली. मोजणी माझ्याकडे आहे हे तिला वहिनींकडून कळलेलं होतं; माझ्याकडे वळून तिने आकडा विचारला. मी सव्वीस सांगितला.

“बाबा, तुमच्या कारखान्यात होल्डचा माल किती दिवस ठेवायचे?”

“नव्वद.”

“मग?”

“मग नव्वद,” ते म्हणाले. त्यांनी शर्ट आणि एक पिवळी चिठ्ठी पुढे केली. तिने लाल चिठ्ठी सोडली आणि पिवळी बांधली. पाळण्याची दोरी बायकांनी धरली, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. साहेब हॉलच्या उंबऱ्याबाहेर खुर्चीवर बसून होते. बाळ त्यांना तेवढ्या अंतरावरून दाखवण्यात आलं. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं आणि वजन विचारलं.

मोजणीच्या एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात आले. “दाबू नका. शून्यावर आणा.” त्र्यंबक नाक्यावर चहा पिताना त्यांनी एक सिगारेट ओढली होती.

“कुणी पाहिलं?” मी विचारलं.

“मी पाहिलं.”

त्यांनी माझ्यासमोरच प्राचीला फोन लावला आणि तेच सांगितलं.  पलीकडून तिने एकच आकडा सांगितला : नव्वद. मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

नव्वदावा दिवस जुलैत उजाडला. त्याच रविवारी प्राची बाळाला घेऊन नाशिकला आली. घरात शिरताना तिने श्वास ओढून घेतला. फोडणीचा वास होता; वहिनी मेमध्येच परतल्या होत्या. पॅसेजमध्ये जाऊन तिने शर्टाची पिवळी चिठ्ठी सोडली आणि शर्ट आईच्या हातात दिला. “आता धुवायला टाक.” मग बाळ वडिलांच्या मांडीवर ठेवलं. साहेबांनी बाळाच्या हातापायांची वीस बोटं मोजली. पुन्हा एकदा मोजली. 

सप्टेंबरात प्राचीची रजा संपली. बाळाला सांभाळायला साहेब आणि वहिनी पुण्याला राहायला गेले. सामान बांधताना साहेबांनी ते यंत्र माझ्या हातात दिलं आणि सोसायटीत येणाऱ्या ई-कचऱ्याच्या गाडीत टाकायला सांगितलं. पिवळी चिठ्ठी त्याला तशीच होती.

“शेवटी निकाल काय?” मी विचारलं. “रोजच्या वापराला चालेल की नाही?”

“पंधरा हजार पूर्ण झाले नाहीत, पत्रकार. निकाल देता येत नाही.”

गाडी गुरुवारी आली. यंत्र चिठ्ठीसकट दिलं. मोजणीयंत्र माझ्याकडे आहे.

चिठ्ठ्यांचा डबा वहिनी माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. पिवळ्या बऱ्याच संपल्या होत्या. हिरव्यांचं पाकीट फोडलेलं होतं. वहिनी म्हणाल्या की त्यातली एक पुण्याला आहे, पाळण्याच्या दोरीला. उरलेल्या मी मोजल्या. एकोणपन्नास भरल्या.