उघडा राहिलेला सौदा

शकुंतलाबाईंनी मला फसवलं. छावणीजवळचं माझं गोदाम त्यांनी एका उन्हाळ्यापुरतं म्हणून घेतलं आणि एकोणीस वर्षं सोडलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहायचं असेल, तर ते काम दुसऱ्या कुणाला सांगावं. बाईंना जाऊन आता सहा आठवडे झाले. त्या दिवशी सकाळी मी भाकरी खात होतो आणि त्यांच्या पुतण्याचा, नितीनचा फोन आला. "काका, आत्या झोपेतच गेली..." तो पुढं बोलत राहिला. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिलं आलं ते गोदाम. मग आलं, आता भांडायचं कुणाशी?

बाई फुलंब्रीच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. निवृत्त झाल्या आणि त्यांच्या डोक्यात खूळ शिरलं, लहान मुलांसाठी कलेचं संग्रहालय काढायचं, पण 'हात लावू नका' अशी पाटी तिथं कुठंही नसेल. तीन ते आठ वर्षांच्या पोरांनी माती मळायची, ठसे उमटवायचे, मागावर धोटा फेकायचा. नाव ठेवलं 'हातघर', आणि जागा धरली ती माझं गोदाम. मी म्हणालो, "बाई, पोरं सगळं मोडून ठेवतील." त्या म्हणाल्या, "मोडू द्या की. मोडल्याशिवाय आतून कसं दिसायचं?" हिमरू शाली विणणाऱ्या हमीदचाचांनी आपला जुना माग दिला आणि मागासोबत स्वतःही येऊन बसले. पोरांनी धागे तोडले की मी ओरडायचो, तर चाचा मलाच दटावायचे, "चिल्लाव नक्को सेठ. धागा मेरा टूटा, तुमारा क्या टूटा?"

बाईंना भाव करता येत नव्हता. दुकानदार सांगेल त्या किमतीला "बरं" म्हणायच्या. ते ऐकलं की माझं डोकं फिरायचं. म्हणून बुटकी टेबलं, पोरांच्या उंचीचे नळ, कुंभाराची माती, सगळं ठरवायला मीच जायचो. लोक म्हणत, बबनराव संग्रहालयाला लई मदत करतात. मदत कसली? माझ्यासमोर कुणी कुणाला लुबाडलेलं मला बघवत नाही, एवढंच.

आता माझी चूक सांगतो. मी धंदा शिकलो तो पाचोडच्या बैलबाजारात, मिसरूड फुटायच्या आधी. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खालून बोटं दाबून आकडा सांगायचा. पटलं तर 'बस' म्हणायचं, नाही पटलं तर 'नाही' म्हणून हात सोडायचा. यातलं काहीच न बोलता समोरचा उठून गेला, तर सौदा उघडा राहतो, आणि तो परत येईपर्यंत जनावर दावणीवरून हलवायचं नाही. हे सगळं मी एकदा चहा पिता पिता फुशारकीनं बाईंना सांगून बसलो. बाईंनी लगेच त्याचा खेळ केला. एका टेबलावर निळा रुमाल, खाली एखादी वस्तू. पोरांनी ती न बघता चाचपायची आणि मग तिचं चित्र काढायचं.

उन्हाळा संपला, दिवाळी आली, गोदामाला चांगलं गिऱ्हाईक आलं. मी तावातावानं गेलो. फुलंब्रीच्या बालवाडीची सहल आलेली, नुसता गोंगाट.

"बाई, गोदाम खाली करा. एक बोट म्हणजे एक महिना मुदत. बोला."

"मग बाजाराच्या रीतीनंच बोलू," त्या म्हणाल्या आणि टेबलावरचा निळा रुमाल सारखा केला. "घाला हात."

मी दोन बोटं पुढं केली. रुमालाखाली जो हात आला तो ओला, चिकट आणि इवलासा. टेबलामागं चार वर्षांची एक पोरगी बसली होती, ती मला दिसलीच नव्हती. तिनं दोन्ही हातांनी माझा अख्खा पंजा धरला आणि एकेक बोट चाचपायला लागली. अंगठी, नखं, मग करंगळी. ती बैलाच्या दाव्यात अडकून लहानपणीच वाकडी झालेली. तिथं ती थांबली.

"बाई, हे मोडलंय. दुखतंय का ह्याला?"

मीच म्हणालो, "नाय दुखत आता."

"मग ठीकंय," असं म्हणून ती चित्र काढायला पळाली, आणि थोड्या वेळानं सहलीच्या गाडीत बसून गेलीही. बाई हसल्या नाहीत, हे विशेष. म्हणाल्या, "बबनराव, ती 'बस' म्हणाली नाही, 'नाही' पण म्हणाली नाही. सौदा उघडा राहिला. ती येईपर्यंत जनावर हलवायचं नाही, तुम्हीच सांगितलंय."

मी लई आरडाओरडा केला. पण पाचोडला शिकलेली रीत मोडायची माझी हिंमत झाली नाही. त्यानंतर दर दिवाळीला मी जायचो. "आली का ती पोरगी?" "नाही हो. नाव तरी कुठं माहीत आहे तिचं?" मग चहा.

बाईंचे दिवस झाल्यावर नितीन किल्ली घेऊन घरी आला. "काका, तुमचं गोदाम. आत्याशी होता तो सौदा संपला ना आता?" किल्ली घ्यायला माझा हात पुढं होईना. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं झालं... इतकी वर्षं मागत होतो तेच समोर आलं होतं. मग त्यानं पिशवीतून एक कागद काढला. "हे आत्याच्या कपाटात होतं. तुमचंच दिसतंय." रंगीत खडूनं काढलेला पंजा, अंगठी मोठ्ठी, करंगळी वाकडी. मागं बाईंच्या वळणदार अक्षरात त्या पोरीचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं. म्हणजे एकोणीस वर्षं बाई माझ्या तोंडावर खोटं बोलल्या!

मला राग यायला हवा होता. आलाही. पण त्याआधी धोंडा उतरला. मी म्हणालो, "नितीन, सौदा तुझ्या आत्याशी नव्हताच. हात त्या पोरीचा होता. किल्ली चाचांकडं दे. शनिवारी उघडायला सांग."

शनिवारी हातघर उघडलं. चाचा मागापाशी बसले होते, चित्र मी रुमालाच्या टेबलामागच्या भिंतीला लावलं, नाव आतल्या बाजूला ठेवून. तिला शोधायला मी जाणार नाही, पण जाब मला हवा आहे. ती आता तेवीस वर्षांची असेल. हे वाचत असेल तर तिनं यावं, निळ्या रुमालाखाली हात घालावा आणि सांगावं, भरल्या सौद्यातून 'बस' किंवा 'नाही' न म्हणता उठून का गेली? मी दर शनिवारी तिथं असतो. घाई नाही.