हात, डोळे, डोकं आणि नामदेव

दमट डब्यातले पापड कसे एकमेकांना चिकटतात, तसे आमच्या मोरिवलीच्या कारखान्यातले किस्से. एक उचलावा तर चार बरोबर येतात!

ऐंशीच्या दशकात साने साहेब ट्रेनिंग घेऊन आले. माणसाच्या कामाचे म्हणे तीनच प्रकार. हाताचं, डोळ्यांचं, डोक्याचं! प्रत्येकाला एका खान्यात बसवायचं. जो कशातच बसणार नाही त्याला घरी पाठवा, असा हेड ऑफिसचा हुकूम. साने मनाने मऊ, त्यांना झोप लागेना. मी त्यांचा असिस्टंट, स्टॉपवॉच धरायला!

*

सिंधी वस्तीतल्या कॅम्प दोनचा लछूभाई कँटीन चालवायचा. सान्यांनी त्यालाही विचारलं.

"तुम्हारा काम हाथ का, या दिमाग का?"

"साईं, जबान का! मैं बोलता हूँ, तब चाय मीठी लगती है!"

खरं होतं. साखर तो घालायचाच नाही.

*

स्टॉपवॉच दिसलं की सगळे हळू होतात, म्हणून साने पॅकिंगमध्ये खांबाआड लपले. थोड्या वेळाने सुमनताई स्टूल घेऊन हजर.

"बसा साहेब, पाय दुखतील. आणि जरा डावीकडून बघा, तिकडून आम्ही बऱ्या दिसतो!"

*

स्टोअरचे जोशी डोळे मिटून बसलेले.

"जोशी, काय चाललंय?"

"विचार, साहेब."

"कसला?"

"कुठल्या खान्यात बसू, त्याचा!"

*

अडला तो नामदेव. बारवीकडच्या पाड्यावरचा, घरात तो एकटा कमावता. पत्रा वाकवायच्या बेंडिंग मशीनपाशी नुसता उभा.

"तू काय करतोस रे?"

"मी मधी ऱ्हातो, साहेब."

मशीनच्या एका टोकाला घाडगे, दुसऱ्याला जाधव. एकमेकांचे मेहुणे. मांजर्लीच्या एका लग्नात पंगतीत बिनसलं, तेव्हापासून अबोला!

"नाम्या, त्याला सांग, पत्रा उचल."

"जाधवदादा, उचला."

"त्याला म्हणावं, मला अक्कल शिकवू नको!"

नामदेव इकडे वळून म्हणायचा, "दादा बरं म्हंतात."

साने कपाळाला हात लावून बसले. हे काम कुठल्या खान्यात घालायचं?

*

शेवटी हेड ऑफिसचे मोठे साहेब स्वतः आले. "कुठल्याच खान्यात नाही? मग उद्यापासून हा नको."

घाडगेने मशीन बंद केलं. मोठे साहेब हातभर अंतरावर, तरी तो बोलला नामदेवशीच.

"नाम्या, साहेबांना सांग, तू गेलास तर हे मशीन त्यांनीच चालवावं!"

पलीकडून जाधव कडाडला, "आणि सांग, आम्ही दोघं टाळ्या वाजवू!"

मोठे साहेब लालबुंद. साने भिंतीकडे बघायला लागले. नामदेव अदबीने वळला.

"साहेब, दोघं म्हंतात, दमून आलाव, चहा घ्या."

मोठ्या साहेबांनी घाडगेकडे पाहिलं, जाधवकडे पाहिलं. मग नामदेवच्या कानाशी वाकून म्हणाले,

"त्यांना सांग, मशीन चालू करा. आणि तू उद्या वेळेवर ये."