पखवाजाखालची भरती

“पाणी, पाणी आलंय सतरंजीवर, पेटी उचला आधी,” असं भजनीबुवा बोंबलले आणि गजर थांबला. आमच्या काळाचौकीच्या चाळीत गुरुवारचा गजर मध्येच थांबायची ही पहिली वेळ. गिरण्या थांबल्या तेव्हासुद्धा तो थांबला नव्हता. टाळ हवेतच राहिले. सगळ्यांनी आधी छताकडे बघितलं, मग मोरीकडे, मग एकमेकांकडे. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मी पखवाजामागे होतो, आणि पाणी पखवाजाखालून येत होतं.

पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक थापावी लागते, म्हणून पाण्याचा तांब्या माझ्या शेजारी असतोच. तो मी गुडघ्याने हळूच आडवा केला आणि सांडला वाटतं, म्हणालो. तांब्यात पाणी ओंजळभर. सतरंजीवर मात्र इतकं, की झांजवाला दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसला, होडीत बसावं तसा.

प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला होता. लघवीची नळी काढली त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं की काही महिने गळेल, घाबरायचं नाही, पॅड लावायचं आणि व्यायाम करायचा. व्यायाम म्हणजे लघवी अडवताना जे आवळतो ते आवळायचं, दहा मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं. मोजायचं काम आमच्या हिच्याकडे. पोळ्या लाटता लाटता ती “धरा... सोडा” म्हणायची, तेही असं खणखणीत, की एकदा जिन्यातून कपाट चढवणारे हमाल तिच्या ‘सोडा’वर कपाट सोडून मोकळे झाले. मी दहा मोजतच नसे. मनात भजनी ठेका धरायचा आणि समेवर आवळायचं.

दुपारी पडलो की शिवडीची खाडी यायची. गोळ्यांची गुंगी म्हणा हवं तर. आधी चिखलाचा वास, मग कोमट पाणी गॅलरीतून, उंबऱ्यावरून, गादीपर्यंत. त्यात गुलाबी रोहित पक्षी एका पायावर उभे राहून माझ्या उशीपाशी काहीतरी टिपत असत. मी तरंगायचो. खाली कॉटन ग्रीनची गोदामं, रस्ते, ट्रक, सगळं पाण्याखाली मंद हलत असायचं. आयुष्यात इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. डोळे उघडले की भरती ओसरलेली आणि चादर ओली. ही चादर बदलायची. मी तिला पक्ष्यांचं सांगायचो. आज किती आले होते, ती विचारायची. मी चाळीस सांगायचो. एकदा तीनशे सांगितले, तेव्हा तिने गादीच उन्हात टाकली.

पण गुरुवार स्वप्नात भागत नव्हता. सहा गुरुवार गेले. माझ्या जागेवर लालबागचा एक वादक बसतो असं कानावर आलं, आणि त्याचा हात गोड आहे असंही. तीस वर्षं मी त्या जागेवर बसलो. आणखी दोन गुरुवार घरी राहिलो असतो, तर ती त्याचीच झाली असती. म्हणून गेलो.

घरून निघताना पॅड होतं. बुवांच्या खोलीत देव मांडलेला, समया लावलेल्या, आणि मांडी घालताना मनात आलं की कमरेला लघवीचं गाठोडं बांधून देवापुढे कसं बसायचं. सोवळं-ओवळं मानणारा मी नव्हे; बांगडे खाऊन पखवाज वाजवलेला माणूस. तरी उठलो, मोरीत जाऊन ते काढलं, कागदात गुंडाळून पिशवीत ठेवलं. महिनाभराच्या आवळण्यावर भरवसा होता.

तीन अभंग समेवर धरले. मग गजर लागला. गजर चालू असताना पखवाजवाल्याने उठायचं नसतं. बुवांनी लय वाढवली, माझे हात भरात आले, डोळे मिटले आणि खाडी आली. कोमट, सावकाश. मला वाटलं, स्वप्नच आहे. पक्षीसुद्धा दिसले. मी वाजवत राहिलो, आणि तसा ठेका माझ्या हातून पुन्हा निघायचा नाही. तेवढ्यात बुवा ओरडले.

सतरंजी धुवायला गेली, आरती उरकली, मंडळी पांगली. बुवा गॅलरीत माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. सत्तरी ओलांडलेले, आमच्याच गावचे, दोघंच असलो की गावच्या बोलीत बोलणारे. त्यांच्याशी तांब्याचं नाटक चालणार नव्हतं. मी सगळं सांगितलं, पॅड का काढलं तेही. आणि म्हणालो, “बुवा, लालबागवाल्यालाच कायमचा बसवा. देवापुढे बसण्यासारखा मी आता राहिलो नाही.”

बुवांनी सुपारी चघळून संपवली.

“पॅड लावन ये,” ते म्हणाले. “मी पण लावतंय.”