‘मैदान ठीक’ असं मी लिहिलं

मुलांनो, महिन्याभरात तुम्हाला नैरोबीला एक छापील पुस्तिका मिळेल. आपल्या धुळ्याच्या पोलो क्लबाचा इतिहास आहे तो, आणि तो मी लिहिला आहे. तुमच्या पणजोबांचं त्यात पुष्कळ कौतुक आहे. मी लिहून दिलेलं एक पान मात्र समितीने काढून टाकलं. पुस्तिका हातात पडण्याआधी ते तुम्ही वाचावं, म्हणून हे आज लिहिते आहे.

क्लब माझ्याहून जुना. अख्खा खानदेश एकच जिल्हा होता तेव्हा धुळ्याच्या साहेब लोकांनी तो काढला. पुढे जिल्ह्याचे दोन झाले, निम्मे साहेब जळगावला गेले, आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात धुळे विरुद्ध जळगाव असा सामना ठरून गेला. जळगावचे घोडे चाळीसगावला गाडी बदलून येत. स्टेशनावर ते उतरताना बघायला निम्मं गाव जमे. माझे वडील वकील होते आणि क्लबाचे पहिले देशी चिटणीस. त्यांना घोड्यावर बसता येत नव्हतं, पण कागद त्यांच्याइतके नीट कोणी ठेवत नसे.

आमच्या मैदानाची एक खोड होती. माती काळी, कपाशीची. पावसाळा सरला की तिला भेगा पडायच्या. दिसणाऱ्या भेगा मजूर मुरूम घालून बुजवत. खरी भीती वरून पापुद्रा धरलेल्या, आतून पोकळ राहिलेल्या जागांची. त्या ओळखायला जवळच्या वाडीतली एक बाई येई. आम्ही तिला अक्का म्हणायचो. ती अनवाणी सगळं मैदान चालायची, टाच आपटून थांबायची आणि मान हलवून पुढे जायची. पोकळ लागलं तिथे मैदानाच्या कोपऱ्यातल्या कडुलिंबाची डहाळी खोचायची. मागून मुरमाच्या पाट्या घेऊन मजूर.

साहेबांचा नियम असा की, खेळाआधी मैदानाची स्थिती इंग्रजीत वहीत लिहिलेली असली पाहिजे. मी तेव्हा नुकतीच पुण्याहून इंग्रजी शाळा शिकून आले होते. अक्षर चांगलं, म्हणून वडिलांनी ती वही माझ्याकडे दिली. सकाळी छत्री घेऊन मी अक्काच्या मागे चालायची; मी सांगितल्याशिवाय मजूर मुरूम टाकत नसत. ती मला चिडवायची, “माय, तुना बुटले काय समजी? काढ नं ते.” मी कधी काढले नाहीत.

अक्काचा स्वतःचा एक नियम होता. सामन्याच्या दिवशी सकाळच्या फेरीवर ती समाधान मानत नसे. ऊन चढलं की पापुद्रा सुटतो, म्हणून खेळ सुरू व्हायच्या आधी ती आणखी एकदा चालून येई. एका वर्षी सामन्याच्या दिवशी सकाळची फेरी झाली आणि मी वहीत ‘मैदान ठीक’ असं लिहून टाकलं. दुपारची फेरी व्हायची होती, हे मला माहीत होतं.

दुपारी कलेक्टर साहेबांच्या मडमेने मला शामियान्यात चहाला बोलावलं. देशी मुलीला असं बोलावणं पहिल्यांदाच आलं होतं. मी कप कसा धरायचा याची घरी तालीम केली होती. मडम मला माझ्या शाळेबद्दल विचारत होती, मी उत्तरं देत होते, आणि तेवढ्यात कनातीच्या कडेला अक्का येऊन उभी राहिली. पाय पोटऱ्यांपर्यंत धुळीने भरलेले.

“माय,” तिने मोठ्याने हाक मारली, “लिंबना कोपराले पोकय शे. दोन पाट्या मुरूम टाकाले सांग. घोडा पडी तठे.”

मडम आणि तिच्या शेजारची दुसरी मडम, दोघी वळून बघू लागल्या. एकीने हसून विचारलं, ही तुझी कोण? अक्काने मला माय म्हणावं, आणि त्या बायकांनी ते ऐकावं, याची मला लाज वाटली. “हो, हो, सांगते,” असं मी घाईने म्हटलं आणि हातानेच तिला जायला सांगितलं. मडमेला म्हणाले, कोणी नाही, मजुरीण आहे. मग मी चहा प्याले. मजुरांना निरोप दिला नाही. मुद्दाम दिला नाही असंही नाही. उठले असते तर पुन्हा बसायला मिळालं नसतं, एवढंच.

दुसऱ्या चक्करीत, म्हणजे खेळाच्या दुसऱ्या डावात, जळगावच्या कप्तानाची करडी घोडी लिंबाच्या कोपऱ्यात वळली आणि तिचा पुढचा पाय आत गेला. कप्तानाच्या खांद्याचं हाड मोडलं. घोडीचा पाय मोडला, आणि तिला तिथेच झाडामागे नेऊन गोळी घातली.

साहेबांनी वही मागवली. मग अक्काला बोलावलं, मला बोलावलं. वडील बाजूला उभे होते. साहेबांनी मला इंग्रजीत विचारलं, “या बाईने तुला त्या जागेबद्दल सांगितलं होतं का?”

मी इंग्रजीतच म्हणाले, “नाही, साहेब.”

अक्काला यातलं अक्षर कळलं नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी बोलत होते तेव्हा मान हलवत होती. मी तिची बाजू मांडते आहे असं तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिला मैदानावर यायला बंदी झाली. तिच्या जागी जमीन दाबायचा मोठा रूळ आला. मजूर तो ओढत, आणि मी वहीत पुन्हा ‘मैदान ठीक’ लिहीत असे.

वर्षा-दोन वर्षांनी, माझं लग्न ठरल्यावर, लुगडं घेऊन मी तिच्या वाडीत गेले. सगळं सांगायचं असं ठरवूनच गेले होते. तिने मला गोधडीवर बसवलं आणि शेजारणीला सांगू लागली, “हाई ती माय. बठ्ठास्ना समोर साहेबले इंग्रजीमा बोलनी व्हती मन्हासाठे.” मी लुगडं ठेवलं आणि परत आले. ती पुढे प्लेगात गेली.

वडिलांना मी हे त्यांच्या शेवटच्या आजारात सांगितलं. ते म्हणाले, “मला तेव्हाच शंका आली होती.” मग तेव्हा का बोलला नाहीत, हे मी विचारलं नाही.

आता स्वराज्य आलं आहे. साहेब गेले, जाताना बहुतेक घोडे विकून गेले. क्लबात आता कापसाचे जिनवाले, डॉक्टर आणि वकील येतात, पत्ते आणि बॅडमिंटन खेळतात. समितीने माझं पान परत पाठवताना लिहिलं, ‘बाईसाहेब, जुन्या गोष्टी उकरून चिटणिसांच्या नावाला कमीपणा कशाला?’ ज्यांचं नाव त्यांना सांभाळायचं होतं ते माझे वडील होते.

ते उत्तर आलं त्या आठवड्यात मी टांगा करून वाडीत गेले. अक्काची सून आता म्हातारी झाली आहे. ती अंगणात तूर पाखडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सूप थांबलं नाही.

“आते सांगीसन काय व्हई?” ती म्हणाली. “ती ते मरी गई.”

मी म्हटलं, “तरी तुम्हाला खरं कळावं.”

“माले काय सांगस? माले ठाऊक व्हतं ती खोटी नव्हती.” मग तिने सूप खाली ठेवलं. “गावले सांग. गावनी नाव ठेयं.”

कसलं नाव, ते मी विचारलं. तिने सांगितलं. पारावर तेव्हा माणसं बसलेली होती. मी त्यांच्यासमोरून चालत टांग्यापर्यंत आले आणि घरी परतले. पुढल्या आठवड्यात पुन्हा जायचं म्हणते आहे. गेले की नाही ते तुम्हाला कळवीन, आणि नाही गेले तर तेही कळवीन.

क्लब अजून आहे. मैदान आहे, तीन घोडे आहेत. आणि त्या वाडीत अक्काच्या घराला अजून घोडामारीचं घर म्हणतात.