मातीत घातलेलं सोनं

आमच्या घराण्यानं आजवर मातीतून सोनं काढलं. ते मातीत घालणारी मी पहिलीच. नाना, म्हणजे माझे वडील, झारेकरी. जळगावातल्या सराफांच्या दुकानांमधली झाडलोट आणि भट्टीची राख आणायची, परातीत पाण्यानं धुवायची आणि तळाशी बसलेला सोन्याचा कीस वेचायचा, हा त्यांचा धंदा. मी धुळ्याच्या एका कॉलेजात मातीवर संशोधन करते. साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसणार नाहीत इतके बारीक, माणसानं बनवलेले नॅनो कण शेतात पडले की कुठवर जातात आणि कुठे अडकतात, हा माझा विषय. नॅनो खतं आता गावोगावच्या दुकानांत आली आहेत, तेव्हा हे कुणीतरी शोधायलाच हवं. ते मी शोधणार, याबद्दल मला कधी शंका नव्हती.

माग काढायला मी सोन्याचे नॅनो कण वापरते. आपल्या काळ्या मातीत सोनं नसल्यात जमा, त्यामुळे जे सापडेल ते मीच घातलेलं. पाण्यात हे सोनं डाळिंबाच्या रसासारखं लाल दिसतं. नानांना बाटली दाखवली तेव्हा त्यांनी ती उन्हात धरून फिरवून फिरवून पाहिली.

"हाई सोनं शे?"

"हो, नाना."

"आनि तू हाई मातीमा वतस?"

मग काय, आल्यागेल्याला सांगायला त्यांना नवा विषय मिळाला. आम्ही काढतो आणि आमची पोर टाकते, म्हणून स्वतःच हसायचे.

आमच्या सरांचं म्हणणं, काळी माती सगळं वरच धरून ठेवते. प्रयोगशाळेत दिसायचंही तसंच, कारण तिथे माती वाळवून, कुटून, चाळून नळीत भरतात. मी सरांना तोंडावर सांगितलं, "सर, हे पीठ झालं, शेत नव्हे." उन्हाळ्यात आपल्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या नळीत कुठे आहेत? सर म्हणाले, "मग आण भेगेसकट." मी आणली. पारोळ्याजवळच्या एका कपाशीच्या रानात भोवतीनं खणत गेले आणि मातीचा अखंड खांब पीव्हीसी पाइपात उतरवला. दोन खांब तुटले, एक टिकला. त्यात लाल पाणी ओतून झालं आणि तिकडे पावसानं रानातल्या भेगा मिटल्या. दुसरा खांब हवा तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबायचं, आणि प्रबंधाची मुदत त्याच्या आधीच संपत होती.

कॉलेजातली वाळवायची भट्टी बिघडली, म्हणून मी खांबाचे काप डब्यांत भरून वाळवायला जळगावला घरी आणले. सगळ्यांत मोलाचा डबा भेगेच्या कडेवरून खरवडलेल्या मातीचा. सोनं नक्की कुठल्या डब्यात, असं नानांनी विचारलं आणि मी तोच दाखवला.

धुळ्याला जाऊन दोन दिवसांनी परत आले, तर तो डबा धुऊन पालथा घातलेला.

"मी धुई टाकी," नाना म्हणाले. "दोनदा धुई. काहीच नही निंघनं." माझ्याकडे ते बघतही नव्हते.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. जड ते तळाशी बसतं, वरचं गढूळ पाणी ओतून द्यायचं, ही त्यांची जन्माची सवय. माझे कण तळाशी बसणारे नव्हतेच. ते चिकणमातीला धरून त्या गढूळ पाण्यातच राहणार. म्हणजे माझं सगळं काम मोरीतून वाहून गेलं होतं.

"विचारायचं तरी होतं, नाना! पाणी कुठे फेकलं?"

"फेकं नही. ठेवेल शे."

मागच्या अंगणात झाकण लावलेली बादली होती, शेजारी वाटीत उरलेली रेती. एका सराफाची माती दुसऱ्याच्या मातीत मिसळू द्यायची नाही, म्हणून भांडी वेगळी, घासलेली. आणि काहीच निघालं नाही तर मालक स्वतः येऊन बघेपर्यंत पाणीसुद्धा सांडायचं नाही, नाहीतर चोरीचा आळ येतो. झारेकऱ्यांची ही रीत मी लहानपणापासून पाहिली होती. या वेळी त्यांनी मालक मला धरलं होतं. मला रडू आलं आणि हसूही.

बादलीचं झाकण घट्ट बांधून, ती मांडीवर घेऊन मी एसटीनं धुळ्याला गेले. तपासणी झाली. त्या डब्यातलं सोनं जवळजवळ सगळं गढूळ पाण्यातच होतं. बाकीचे काप तपासल्यावर चित्र पुरं झालं: भेगेच्या कडेनं थोडं धरलं, उरलेलं भेगेतून मुळांच्याही खाली उतरलं. म्हणजे भेगा उघड्या असताना नॅनो खत ओतणं हा शुद्ध वेडेपणा. सरांनी आकडे दोनदा पाहिले आणि म्हणाले, "लिही."

मी लगेच नानांना फोन लावला. "निघालं, नाना! बठ्ठं पाण्यातच होतं."



"म्हंजे ते खरंच सोनं व्हतं?"

"खरंच."

"मी तं समजनू, तुले कोनी फसाडं," ते म्हणाले. "लाल पानी दिन्हं आनि इतला वरीस तुले राबाडं. तुले कसं सांगू, हाऊच इचार करी ऱ्हायंतू."